एमआरआय : घाबरू नका, पण चुंबकाला ओळखा

मणक्याचं किंवा डोक्याचं दुखणं निघालं की डॉक्टर एमआरआय लिहून देतात आणि घरात भीती शिरते. 'शॉक देतात', 'किरणांनी रक्त आटतं', असं कुणीतरी सांगतं. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हीच आपल्या धम्माची शिकवण. चला, तपासू या.

आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे जणू इवलंसं चुंबक. एरवी ही चुंबकं कशीही तोंडं करून असतात. एमआरआयचं चुंबक बहुधा 1.5 टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट. त्यात गेल्यावर त्यांतली थोडी जास्त एका दिशेला वळतात. मग मशीन रेडिओ लहरी सोडतं, केंद्रकं कलतात. लहरी थांबल्या की ती पूर्ववत होतात आणि बारीक संकेत देतात. चरबी, सूज, गाठ यांचा पूर्ववत होण्याचा वेळ वेगवेगळा. त्यावरून संगणक चित्र तयार करतो. एक्स-रेची किरणं यात नसतात.

धोका आहे तो लोखंडाचा. तपासणी चालू नसली तरी हे चुंबक चालूच असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकाने ऑक्सिजन सिलिंडर त्या खोलीत नेला. चुंबकाने सिलिंडर खेचला आणि त्या तरुणाचा जीव गेला. पेशंट ढकलणं, सिलिंडर उचलणं ही कामं गरिबाच्या नातेवाइकावर येतात. कुणीही सांगितलं तरी त्या खोलीत सिलिंडर, स्ट्रेचर नेऊ नका. ते काम कर्मचाऱ्यांचं आहे.

आधी सांगा : पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, हाडातला रॉड, तांबी, गरोदरपण. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा भंगाराचं काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा.

बाहेर ठेवा : मोबाइल, किल्ल्या, नाणी, साडीच्या पिना, जोडवी, सगळे दागिने.

आत ठकठक मोठी होते. कानात बोळे मागून घ्या. हलू नका. त्रास झाला तर हातातली घंटी दाबा.

आणखी एक. 'रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण सुधारतं', असं सांगून वस्तीत चुंबकाची कडी विकतात. रक्तातलं लोह खिळ्यासारखं खेचलं जात नाही. जात असतं, तर एमआरआयमधून माणूस जिवंत बाहेर आला नसता. ते पैसे पोरांच्या दुधाला ठेवा.