दसऱ्याची पिकअप: गॅसची की डिझेलची?

सोयाबीन खळ्यावर आलं की तालुक्याच्या शोरूमपुढे झेंडूची तोरणं लागतात. गाडी दारात आणायची ती दसऱ्याला, नाहीतर पाडव्याला. पुढे जानेवारीपासून द्राक्षं, मार्चपासून हापूस आणि उन्हाळ कांदा, म्हणजे गाडीला उसंत नाही. अशा वेळी विक्रेत्याचा पहिला प्रश्न असतो, "गॅसची दाखवू की डिझेलची?" आणि आपलं उत्तर बहुधा शेजाऱ्याने काय घेतलं यावर ठरतं. शेजाऱ्याचा माल वेगळा असतो, त्याची वाट वेगळी असते, गॅसचा पंपही त्याच्या वाटेवर असतो. हे आपल्याला हप्ते सुरू झाल्यावर आठवतं.

मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून मत बनवणारे तरुणही पुष्कळ भेटतात. तिथे 'गॅस' म्हणजे पेट्रोल. पाच-सहा टनांची जनावरांची ट्रॉली मागे जोडून डोंगर चढणाऱ्या त्या गाड्यांची इंजिनं सहा-सात लिटरची असतात. आपल्याकडे पिकअप ओढत नाही, पाठीवर वाहते, आणि गॅस म्हणजे सीएनजी. त्यामुळे तिकडचा निकाल इकडे लावण्यात अर्थ नाही.

मालापासून सुरुवात करू. कोथिंबीर, मेथी, शेवंती, फ्लॉवर हा फुगीर माल. हौदा शिगोशीग भरतो, पण पाटे दबत नाहीत. कांदा, बटाटा, टोमॅटो, डाळिंब, द्राक्षं हा जड माल. इथे हौद्यात जागा उरते आणि पासिंगचं वजन आधी संपतं. गॅसच्या गाडीत हा फरक महागात पडतो, कारण टाकीचं वजन आपल्याच भारातून वजा होतं. साठ लिटर मापाची पोलादी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलो भरते आणि तिच्यात गॅस मावतो जेमतेम दहा किलो. मारुती सुपर कॅरीचंच बघा. पेट्रोलवरची गाडी ७४० किलो वाहते, सीएनजीवरची ६२५. म्हणजे फेरीला ११५ किलो कमी, टोमॅटोचे पाच-सहा कॅरेट. फुलवाल्याला हा तोटा कधी कळणारही नाही. टोमॅटोवाल्याला तो रोज बाजार समितीच्या पट्टीवर दिसेल.

आता वाट. "आमच्याकडे घाट आहे, गॅसची गाडी चढणार नाही," हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. गॅस सिलिंडरमध्ये शिरताना हवेची जागा खातो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलपेक्षा गॅसवर साधारण दहा टक्के कमी ताकद देतं. डिझेलची गोष्ट निराळी. टर्बो लावलेलं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर धरतं. कंपनीच्या कागदावर त्याला टॉर्क म्हणतात, आपण 'ओढ' म्हणू. टाटा इंट्राच्या गॅसवर चालणाऱ्या व्ही२०ची ओढ ९५च्या आसपास आणि डिझेलच्या व्ही५०ची २२० न्यूटन-मीटर. पहिलीची वहनक्षमता एक टन, दुसरीची दीड टन. भार दीडपट, ओढ दुपटीहून जास्त. उंचीचाही हिशेब आहे. बिनटर्बोचं इंजिन दर शंभर मीटर उंचीला सुमारे एक टक्का ताकद गमावतं. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. टर्बोमुळे डिझेलला ही घट फारशी जाणवत नाही.

पण थांबा. घाट चढताना तुमची गाडी भरलेली असते की रिकामी? हा प्रश्न विचारला की पारावरची निम्मी चर्चा मिटते. नाशिकची द्राक्षं वाशीला जातात ती कसारा घाट उतरून. ओतूर-जुन्नरची भाजी माळशेज उतरते, पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर दिवे घाट उतरून पुण्यात येतं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पसरणी घाटाने वाईला येते. देशावरच्या शेतकऱ्याचा माल मुंबईकडे जाताना बहुतेक उताराने जातो आणि घाट चढते ती रिकामी गाडी. ती गॅसवरही मुकाट चढेल. उलट कोकणातला बागायतदार हापूसच्या पेट्या भरून आंबा घाट, फोंडा घाट किंवा कुंभार्ली चढतो तेव्हा खरी परीक्षा असते, आणि ती एप्रिल-मेच्या उन्हात, वातावरण तापलेलं असताना. त्याने डिझेलच घ्यावी. यावर मी वाद घालणार नाही.

उतरणाऱ्याने मात्र ओढीपेक्षा ब्रेकची चिंता करावी. डिझेल इंजिन हवा अडवत नाही, म्हणून पाय काढला तरी ते गाडीला फारसं धरून ठेवत नाही. गॅस-पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. म्हणजे उतारावर गॅसची गाडी कमी पडते असं नाही, उलट थोडी सरसच ठरते. गाडी कुठलीही असो, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. भरल्या गाडीने न्यूट्रलमध्ये चार वळणं उतरली की ब्रेक तापतात आणि पाचव्या वळणाला पेडल नुसतंच खाली जातं.

पैशांचं बघू. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२२मध्ये सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. दर बदलत राहतात, म्हणून मी सोपे आकडे घेतो, तुम्ही तुमच्या पंपावरचे टाका. समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि भरलेली गाडी बारा किलोमीटर देते. किलोमीटरला साडेसात रुपये. गॅस ९० रुपये किलो आणि गाडी पंधरा देते. किलोमीटरला सहा रुपये. महिन्याला दीड हजार किलोमीटर चाललात तर सव्वादोन हजार वाचले. शोरूमवाला इथे कॅल्क्युलेटर खाली ठेवतो.

आपण पुढे मोजू. टाकीत दहा किलो गॅस मावतो असं धरा, म्हणजे दीडशे किलोमीटर. महिन्यात दहा वेळा पंप गाठायचा. पंप बाजाराच्या वाटेवरच असेल तर प्रश्नच नाही, बचत तुमची. पण तो वाकडी वाट करून वीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस, दहा वेळचे चारशे किलोमीटर, सहा रुपयांनी चोवीसशे. सव्वादोन हजारांच्या बचतीवर पाणी, वर दीडशे रुपये पदरचे. रांगेत गेलेला वेळ अजून धरलेला नाही. बाजार पहाटेचा असतो आणि रांगेत कॅरेटमधला माल सुकतो.

पंप जवळ असला तरी तो कसला आहे हे विचारा. पाइपलाइनवरचा पंप असेल तर दाब टिकतो. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणचे कितीतरी पंप ट्रकवरून येणाऱ्या बाटल्यांच्या जोडावर चालतात. बाटल्या उतरत आल्या की दाब उतरतो. २०० बारऐवजी १५० बारवरच भरणं थांबलं तर टाकी पाऊण भरते, आणि दीडशे किलोमीटरचे एकशेदहा होतात. गाडी घेण्याआधी आठवडाभर, आपण जाणार त्या वेळेला, दुचाकीवरून पंपावर चक्कर टाकावी. रांग बघावी, गॅस संपल्याची पाटी किती वेळा लागते ते बघावं. एवढी चौकशी आपण बैल घेताना करतो.

डिझेलवाल्यांनीही फार खुशीत राहू नये. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारी जाळी असते. ती मोकळी व्हायला गाडी अधूनमधून रस्त्यावर तापून, एका लयीत पळावी लागते. मळ्यातून गावात, गावातून सोसायटीच्या गोदामात असे दोन-तीन किलोमीटरचे हेलपाटेच घातले तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करून घेते. ज्याचं काम असंच तुटक आहे आणि ओझं हलकं आहे, त्याला पेट्रोल-गॅसची लहान गाडी जास्त सुखाची. डिझेलच घेतली असेल तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास चालवा.

काही डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेसाठी डीईएफ नावाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण म्हणजे शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. हे कळल्यावर आपल्या सुपीक डोक्यात काय येतं ते मला ठाऊक आहे. घरात पोतं आहेच, बादलीत कालवू! अजिबात करू नका. शेतीचा युरिया आपल्याकडे निंबोळी तेलाचा मुलामा दिलेला असतो. ते तेल आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार मिळून ती यंत्रणा कायमची बाद करतात. दुरुस्तीचा आकडा ऐकून दोन एकरांचं खत आठवेल.

गॅसच्या गाडीचं पथ्य वेगळं. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी करावी लागते, तो नियमच आहे. हे नियम बघणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, पेसो, हिचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. जुनी गाडी घेत असाल तर टाकीवरची पट्टी वाचा, शेवटची तपासणी कधी झाली ते तिच्यावर असतं. स्वस्तात बाहेरून किट बसवलेली आणि आरसी बुकात नोंद नसलेली गाडी घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर गाडी चालवणाऱ्यांशी तर बोलण्यासारखं काही नाही. त्यांच्या शेजारी गाडी उभी करू नका, एवढंच.

हंगामात आणखी एक उद्योग दिसतो. पिकअपच्या मागे वेल्डिंगने हूक लावून फवारणीचा ब्लोअर नाहीतर छोटी ट्रॉली ओढायची. ओढणं हे ट्रॅक्टरचं काम आहे. त्याचं वजन, त्याचे गिअर आणि मोठी चाकं त्यासाठीच असतात. पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरल्या वजनाला पुरतील एवढेच असतात. मागून ढकलणारा टनभर भार त्यांच्या हिशेबात नाही. चढावर आधी क्लच जळतो, उतारावर ट्रॉली आडवी येते. डिझेलची ओढ जास्त म्हणून तिला हे जमेल असं समजणाऱ्यांनी निदान गाडीचं पुस्तक उघडून बघावं.

पासिंगपेक्षा जास्त माल भरण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती झाल्यापासून जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. दहा गोणी कांद्याच्या भाड्यासाठी हा जुगार परवडत नाही. परवान्याची एक चांगली बातमी मात्र आहे. साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं. घरच्या पोराने गाडी चालवली म्हणून विमा नाकारण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

टोकन देण्याआधी चाचणीची गाडी मागाल तेव्हा रिकामी फिरवून परत देऊ नका. घरच्याच गोण्या भरा, वजनकाट्यावर पासिंगएवढं वजन करून घ्या आणि तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचला. शोरूमवाले आधी कुरकुर करतील. दसऱ्याच्या आठवड्यात तर वेळच देणार नाहीत, म्हणून हे घटस्थापनेआधी उरकून घ्या.