पुराच्या बातमीतील इंग्रजी : शब्द आणि कर्ता

परभाषा शिकविताना वृत्तपत्राचा उपयोग करावा, ही सूचना नवी नाही. बातमीतील शब्द प्रसंगाला जोडलेला असतो, म्हणून तो स्मरणात राहतो. पूर, अतिवृष्टी व वादळे यांच्या इंग्रजी बातम्या तर दर वर्षाकाळी विपुल मिळतात. परंतु हा शब्दसंग्रह केवळ प्रतिशब्दांची यादी म्हणून शिकविला, तर त्यातील मुख्य गोष्टच निसटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती मुख्य गोष्ट म्हणजे घटनेचा कर्ता. 'हे कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भाषा आपल्या घडणीप्रमाणे देते किंवा टाळते.

१

प्रथम नामे घेऊ. इंग्रजी 'फ्लड' हा शब्द 'फ्लो' या क्रियापदाच्या कुळातला, म्हणजे वाहण्याशी संबंधित आहे. मराठी 'पूर' भरण्याच्या धातूपासून आला. हिंदी 'बाढ़' 'बढ़ना'शी नाते सांगतो, तर मलयाळम 'वेळ्ळप्पोक्कम्' म्हणजे पाण्याची उंची चढणे. एकच आपत्ती, पण कोणी तिचे वाहणे पाहिले, कोणी भरणे, कोणी वाढणे, कोणी चढणे. पूर्व बंगालच्या शेतकऱ्याने तर नेहमीच्या, शेतीला पोषक अशा पाण्याला 'बर्षा' आणि विध्वंसक पाण्याला 'बन्या' असे वेगळे म्हटले. इंग्रजी बातमीत दोहोंसाठी बहुधा 'फ्लड' येतो आणि हा भेद पुसला जातो. मराठीतही पूर सदैव अशुभ नसतो. आपण उत्साहाला पूर आणतो, आनंदाला उधाण आणतो.

दुसरा वर्ग परिभाषेचा. इंग्रजी बातमीतील 'हेवी', 'व्हेरी हेवी' आणि 'एक्स्ट्रीमली हेवी' ही विशेषणे विद्यार्थ्याला वार्ताहराची अतिशयोक्ती वाटतात. वस्तुतः ती हवामान खात्याची मापे आहेत. चोवीस तासांतील पाऊस ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असेल तर पहिली संज्ञा, ११५.६ ते २०४.४ असेल तर दुसरी आणि त्यापुढे तिसरी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरातील कुलाब्याचा आकडा शंभराच्याही आत होता. मराठीतील 'मुसळधार' आणि 'धो-धो' हे शब्द पावसाचे रूप व नाद सांगतात, माप सांगत नाहीत. म्हणून 'व्हेरी हेवी'चे भाषांतर 'मुसळधार' असे करणे वाङ्मयात चालेल, इशाऱ्याच्या बातमीत चालणार नाही.

'सायक्लोन' हा शब्द तर भारतातच घडला. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या, नाविकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात तो ग्रीक शब्दावरून रूढ केला. सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. बंगालच्या उपसागरातील वादळांनी इंग्रजीला दिलेला हा शब्द आज आपण परका म्हणून पाठ करतो.

२

क्रियापदांकडे वळल्यावर विषय अधिक गंभीर होतो. इंग्रजी मथळ्यात पाऊस शहराला 'लॅश' करतो, म्हणजे चाबकाने फोडून काढतो. मराठी मथळ्यातही पाऊस 'झोडपतो'. येथे दोन्ही भाषा सहज जुळतात. परंतु 'हॅवॉक' आणि 'हाहाकार' ही जोडी पाहा. कोशकार त्यांना सर्रास एकमेकांशेजारी बसवितात. मध्ययुगीन युद्धात 'हॅवॉक' ही सैन्याला लुटीची मोकळीक देणारी आरोळी होती. 'हाहाकार' हा आपत्तीत सापडलेल्यांचा आक्रोश आहे. एक शब्द आक्रमकाच्या कंठातून निघाला, दुसरा पीडिताच्या. प्रतिशब्द म्हणून दोन्ही बरोबर असतील, पण बातमी कोणाच्या बाजूने ऐकू येते हे त्यांनी बदलते.

तसेच 'वॉटरलॉगिंग'. हा शब्द मुळात पाणी भरून जड झालेल्या जहाजाच्या संदर्भातला. पुढे तो पाणी मुरलेल्या जमिनीसाठी वापरला जाऊ लागला आणि भारतीय इंग्रजीत तो रस्त्यावरील पाण्यासाठी रूढ झाला. मराठीत पाणी 'साचते', 'भरते' किंवा 'तुंबते'. 'साचणे' केवळ स्थिती सांगते. 'तुंबणे' मात्र वाट अडल्याचे सांगते, म्हणजे नाल्याकडे आणि नाल्याची जबाबदारी असलेल्याकडे बोट दाखविते. इंग्रजी शब्दाला हे बोट नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा धरणांच्या बातम्यांत आढळतो. मराठीत 'फुटणे–फोडणे', 'सुटणे–सोडणे', 'तुटणे–तोडणे' अशा जोड्या आहेत. स्वर बदलला आणि 'ट'चा 'ड' झाला की कर्ता उभा राहतो. इंग्रजी 'बर्स्ट' दोन्ही अर्थी एकच रूप घेते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. 'धरण फुटले' ही क्रिया अकर्मक. परंतु तिच्यामागे बांधकामाचे निर्णय होते. व्याकरणाने न विचारलेला प्रश्न पुढे चौकशीला विचारावा लागला.

इंग्रजी बातमीत 'वॉटर वॉज रिलीज्ड' असे कर्मणी वाक्य येते. व्याकरणदृष्ट्या कर्ता लपलेला आहे, पण नाहीसा झालेला नाही; कोणीतरी दरवाजे उघडले, एवढे त्या क्रियापदातच आहे. विद्यार्थी घाईने 'पाणी सुटले' असे भाषांतर करतो आणि तो कर्ता समूळ जातो. 'पाणी सोडण्यात आले' हे भाषांतर मूळाला धरून आहे, कारण तेही कर्ता झाकते. 'पाणी सोडले' असे म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न लगेच उमटतो. २०१८ साली केरळात आणि २०१९ साली सांगली–कोल्हापुरात पुरानंतर जो वाद झाला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच क्रियापदात होते. पाणी केव्हा सोडले, किती सोडले, कोणाच्या आदेशाने सोडले? अशा प्रसंगी 'सुटले' आणि 'सोडले' यांतील फरक हा शैलीचा प्रश्न उरत नाही.

३

अध्यापनासाठी यातून एक साधी पद्धत सुचते. एकाच पुराची एक बातमी इंग्रजीतील आणि एक विद्यार्थ्याच्या मातृभाषेतील घ्यावी. प्रत्येक वाक्यातील क्रियापद अधोरेखित करावे. त्यासमोर कर्ता लिहावा : निसर्ग, माणूस, संस्था, की कोणीच नाही. मग दोन्ही रकाने ताडून पाहावेत. शब्दार्थ या ओघात आपोआप पाठ होतात. शिवाय शब्दांची जबाबदारीही कळते. निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी एका वर्गात असतील तर हा अभ्यास तुलनात्मक साहित्याचाच एक पाठ होतो.

मराठीने या बाबतीत एक मोलाची जोडी जपून ठेवली आहे : अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ते पहिले, सत्तेकडून येते ते दुसरे. देशाच्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही आपत्तीच्या व्याख्येत नैसर्गिक कारणांबरोबर मानवनिर्मित कारणे आणि निष्काळजीपणा यांना स्थान दिले आहे. इंग्रजी बातमी वाचताना विद्यार्थ्याने शब्दकोश जवळ ठेवावाच, पण या वाक्यात अस्मानी किती आणि सुलतानी किती, हेही विचारावे. तो प्रश्न विचारता आला, म्हणजे त्याला परभाषेतील बातमी वाचता येऊ लागली असे समजावे.