सकाळी गाडी बसलेली दिसली तर

रात्री अंगणात नीट उभी केलेली मर्सिडीज सकाळी पुढून एका बाजूला खाली बसलेली असते. टायरचा वरचा भाग मडगार्डच्या आत गेलेला. गाडी चालू केली की घुर्रघुर्र आवाज होतो, मिनिटभरात ती पुन्हा वर उठते आणि मालक निर्धास्तपणे तुळजापूरच्या रस्त्याला लागतो. मोठ्या खर्चाची सुरुवात याच सकाळी होते.

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा मराठवाड्याचं नाव देशभर गाजलं. त्या काळातल्या मर्सिडीज, ऑडी क्यू 7, रेंज रोव्हर आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतात. धाराशिव, उमरगा, कळंबकडेही अशा जुन्या गाड्या हौसेनं घेतल्या जातात. गाडीची किंमत उतरते. सुट्या भागांचे भाव मात्र तिच्या नव्या किमतीच्या मानानेच राहतात.

यातल्या अनेक गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेला रबरी फुगा असतो. मर्सिडीजने 1998 च्या एस-क्लासमध्ये ही ‘एअरमॅटिक’ यंत्रणा आणली. प्रत्येक खड्ड्याला रबराची घडी उलगडते, पुन्हा मिटते. आठ-दहा वर्षांनी त्या घडीतच बारीक चिरा पडतात. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ रबराचं वय आणखी कमी करतात. हवा गळू लागली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तापून जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून गळती तशीच ठेवणाऱ्या मालकाला काही महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा लागतो.

गॅरेजला जाण्याआधी एक काम घरीच करा. रात्री गाडी सपाट जागेवर लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना टेपने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. सकाळी दार उघडण्याआधीच पुन्हा मोजा, कारण काही गाड्यांत दार उघडताच यंत्रणा जागी होऊन उंची सावरू लागते. एकच कोपरा बसला असेल तर संशय त्या फुग्यावर किंवा त्याच्या नळीच्या जोडावर. दोन-तीन कोपरे एकदम बसत असतील तर फुग्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासायला सांगा. गाडी बसलेलीच राहते आणि कॉम्प्रेसरचा घुर्र आवाजही येत नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहायला लावा. हजार-दोन हजारांत काम होऊ शकतं. मिस्त्रीने फुग्यावर साबणाचं पाणी मारलं की गळतीच्या जागी फेस फुलतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच खर्चाला होकार द्या. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः जाऊ नका, कुणाला जाऊही देऊ नका.

आता पैशांचं. हे ढोबळ आकडे आहेत, मॉडेलनुसार बदलतात. पुढच्या चाकाचा फुगा बहुतेकदा शॉकअपसह अख्खा येतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एका बाजूला लाख-दीड लाख, कधी त्याहून जास्त. बाहेरचा चांगल्या ब्रँडचा 40 ते 70 हजार. 25-30 हजारांतला अगदी स्वस्त मालही मिळतो, पण लेखी वॉरंटीशिवाय तो घेऊ नये. काही मॉडेलमध्ये मागचा फुगा सुटा मिळतो, 15 ते 25 हजारांत. कॉम्प्रेसर बाहेरचा 30 ते 45 हजार, कंपनीचा जवळपास दुप्पट. त्यासोबत रिलेही नवाच टाका. मजुरी, स्कॅनरवर उंची बसवणं आणि व्हील अलाइनमेंट यांचे दहा-पंधरा हजार वेगळे. म्हणजे पुढचे दोन्ही फुगे आणि कॉम्प्रेसर बाहेरच्या चांगल्या मालाने केले तरी सव्वा ते दोन लाख हाताशी हवेत. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सर्व सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. कोटेशनमध्ये 28 टक्के लावलेला दिसला तर तिथेच विचारा.

या गाडीचा स्कॅनर आणि अनुभव असलेला मिस्त्री आधी सोलापुरात शोधा. नाहीच मिळाला तर पुणे, आणि उमरगेकरांना हैदराबाद जवळ. पूर्ण बसलेली गाडी चालवत नेऊ नका. टायर आतून घासतो, शॉकअप फुटतो. सपाट ट्रकवर चढवूनच न्या आणि भाडं आधी ठरवा.

‘फुगे काढून साध्या स्प्रिंगा टाकू, निम्म्यात काम होईल’ असं हमखास सुचवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. झिजेचा खर्च विमा देत नाही. झीरो डेप पॉलिसीतही नाही.

आणखी एक तारीख बघा, आरसीवरची. गाडी 15 वर्षांची होत आली असेल तर तपासणी आणि नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही याच हिशेबात धरा. गाडीच्या आजच्या विक्री-किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च निघत असेल आणि इंजिन-गिअरबॉक्सही कुरकुरत असतील, तर दुरुस्तीपेक्षा दोष सांगून गाडी विकणं शहाणपणाचं. आणि अशी गाडी घ्यायला निघाला असाल, तर मालकाला विनंती करून ती एक रात्र उभी ठेवायला लावा. सकाळी टेप घेऊन तुम्हीच आधी पोहोचा.