धम्मपाठ : म्हणणे, म्हणजे, म्हणून



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून पुष्कळदा ऐकू येते, "वंदना पाठ झाली, पण ती भाषा आपली वाटत नाही. सगळे म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो." आजच्या पाठात या 'म्हणणे' शब्दाचाच विचार करू.

पालीत बोलणे या अर्थी 'भणति' हे क्रियापद आहे. प्राकृतात त्याचे 'भणइ' झाले आणि मराठीत 'म्हणणे'. खरे बोलावे, रागावू नये, मागणाऱ्याला थोड्यातले थोडे द्यावे, असे सांगणारी गाथा धम्मपदाच्या क्रोधवग्गात आहे. तिच्यात 'बोलावे' यासाठी हेच क्रियापद आले आहे. तुमची आजी जात्यावर ओव्या 'म्हणत' असे, तेव्हा हाच शब्द तिच्या तोंडी होता. मग पाली परकी कशी?

भगवान बुद्धांचा उपदेश कित्येक शतके लिहिलेला नव्हता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात तो श्रीलंकेत ग्रंथबद्ध झाला. तोवर ज्या भिक्खूंनी तो मुखोद्गत करून जपला, त्यांना 'भाणक' म्हणत. भाणक म्हणजे म्हणणारा. खोपोलीहून बोरघाट चढून गेले की पुढे कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. घाटाखाली कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे लेण्यातही असाच लोकभाषेतला लेख आहे. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, असे तो सांगतो. त्यातला 'कतं' म्हणजे आपले 'केले'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धम्म या मुलखात लोकांच्या बोलीत नांदत होता.

आता या क्रियापदाची दोन लेकरे पाहा. एक 'म्हणजे' आणि दुसरे 'म्हणून'. पहिले अर्थ विचारते, दुसरे कृती मागते. नुसते म्हणून थांबणाऱ्याची वंदना अर्ध्यावरच राहते.

पाचवे शील घ्या. आपण ते पालीत म्हणतो. म्हणजे काय? दारू आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचा मी नियम घेतो. म्हणून काय? म्हणून मुलाच्या हळदीला दारूची बाटली येणार नाही. पाहुणे रुसले तरी येणार नाही. सकाळी विहारात शील म्हणायचे आणि रात्री मांडवामागे ग्लास भरायचे, यात 'म्हणून' कुठे राहिले?

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतले. नंतर बावीस प्रतिज्ञा त्यांनी जनसमुदायाकडून मराठीत म्हणवून घेतल्या. मराठीत अशासाठी, की 'म्हणजे काय' असे विचारण्याची पाळी कोणावर येऊ नये आणि 'म्हणून' ताबडतोब सुरू व्हावे.

'म्हणणे'चा आणखी एक उपयोग आहे, तो नाव देण्याचा. पिढ्यान् पिढ्या इतरांनी आपल्याला काय म्हणायचे ते ठरवले. दीक्षेनंतर आपण स्वतःला बौद्ध म्हणू लागलो. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली सुमारे अठ्ठावीस लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. गणना करणारा दारात उभा असताना ज्यांनी हा शब्द न कचरता उच्चारला, त्यात निरक्षर आयाबायाही होत्या. म्हणण्याची ताकद ती हीच.

या पंधरवड्याचा स्वाध्याय

१. रोज संध्याकाळी वंदनेनंतर घरातल्या एका मुलाने एका शीलाचा अर्थ विचारावा : "म्हणजे?"

२. वडीलधाऱ्यांनी साध्या मराठीत उत्तर द्यावे. येत नसेल तर विहारात विचारून दुसऱ्या दिवशी सांगावे.

३. मग मुलाने दुसरा प्रश्न विचारावा : "म्हणून आपल्या घरात काय बदलायचे?" याचे उत्तर तोंडाने देऊ नये, करून दाखवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!