पैसा हंगामी, खर्च बारमाही

श्रीरामपूर तालुक्यातल्या बहुतेक घरांचा प्रपंच तीन गोष्टींवर चालतो: ऊस, कांदा आणि दूध. उसाचं बिल कारखाना हप्त्याहप्त्याने देतो. कांद्याची पट्टी हाती पडते ती माल विकला त्या दिवसाच्या भावाने. दुधाचा पगार साधारण दर दहा दिवसांनी होतो. किराणा, शाळेची फी, विजेचं बिल, सोयरिकीतली लग्नं आणि आजारपणं मात्र कारखान्याचा पट्टा फिरतो का, कांदा चढतो का याची वाट पाहत बसत नाहीत. इथली घरं कमाई कमी म्हणून अडचणीत येतात, हे अर्धंच खरं आहे. पैसा येण्याची वेळ आणि लागण्याची वेळ जुळत नाही, आणि मधले महिने निभावताना जे केलं जातं, तेच पुढे घर बुडवतं.

हा भाग मुळात कोरडा, पण गरीब राहिलेला नाही. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि उसाने मुलूख पालटला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांचा, आणि शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना, ज्याचा पहिला गळीत हंगाम १९५० साली सुरू झाला. पुढे अशोकनगरचा कारखाना आला. उसाबरोबर पैसा आला, पैशाबरोबर बाजारपेठ आली आणि बाजारपेठेबरोबर पतसंस्था. श्रीरामपूरच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावरून चालत गेलं तर पाट्या वाचता वाचता दमायला होतं. त्यातल्या कित्येक संस्थांनी छोट्या दुकानदाराची रोजची पिग्मी गोळा करून त्याला बाजारात उभं केलंय, हेही विसरून चालणार नाही.

उसाचा हिशोब कागदावर अगदी सरळ आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी ठरवली होती, पुढच्या हंगामाला ३५५. प्रत्यक्षात पहिला हप्ता, दुसरा हप्ता आणि दिवाळीचा हप्ता अशी विभागणी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली आहे. न आलेल्या हप्त्यावर लग्नाची तारीख धरणारी घरं इथे दरवर्षी दिसतात. मंडप ठरतो, सोनं ठरतं, आणि हप्ता पुढे सरकतो.

कांद्याची गत याहून अवघड. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली तीही शुल्क ठेवून, आणि शुल्क पूर्ण उठलं १ एप्रिल २०२५ ला. चाळीत कांदा भरून ठेवलेल्या माणसाने या दोन वर्षांत घरखर्चाचा अंदाज बांधायचा तरी कशावर? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती आला दोन रुपयांचा धनादेश. त्या पट्टीचा फोटो तेव्हा राज्यभर फिरला. पट्टीवरची वजावट माल दहा रुपयांनी गेला तरी तेवढीच असते आणि एका रुपयाने गेला तरी तेवढीच. म्हणून कांद्याचा अंदाज करताना भाव नव्हे, वजावट जाऊन उरणारी रक्कम धरावी, आणि तीही गेल्या तीन वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षाची.

राहतं दूध. भाव इथेही हलतो. २०२३ च्या जुलैत सरकारने गायीच्या दुधाला ३४ रुपये किमान दर जाहीर केला, वर्ष संपता संपता तो पुष्कळ ठिकाणी २६-२७ वर आला आणि जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. तरीही ठरल्या दिवशी हातात येणारा पैसा हाच. ज्या घरांत दुधाच्या पगारावर किराणा, दवाखाना आणि फी बसवली जाते आणि ऊस-कांद्याचे पैसे त्यात मिसळले जात नाहीत, ती घरं वाईट वर्षातही तग धरतात. नोकरदार घरात हेच काम पगार करतो. ओव्हरटाइम, बोनस किंवा थकबाकीच्या भरवशावर महिन्याचा खर्च वाढवला की नोकरदाराचंही शेतकऱ्यासारखंच होतं.

आता मार्चची गोष्ट. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. पण मुदतीच्या दिवशी पैसे नसतात. मग आठ-दहा दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलायचे, कर्ज भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की बाहेरचे परत करायचे. याला सगळे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. बाहेरच्याने शेकडा पाच घेतले आणि नवं कर्ज यायला महिना लागला, तर दोन लाखांवर दहा हजार गेले. शून्य टक्क्याचं कर्ज घरात आलं ते पाच टक्के मोजून. कर्जाच्या मुदतीची तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावी आणि उसाच्या पहिल्या हप्त्यातून त्याची रक्कम आधी बाजूला काढावी. हे सांगायला सोपं आहे, करायला कठीण, पण ज्यांनी केलं त्यांचा मार्च शांतपणे जातो.

सावकारी व्याजाचा आकडा महिन्याच्या भाषेत बोलला जातो आणि तिथेच माणूस फसतो. ‘फक्त तीन रुपयांनी’ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पन्नास हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला दीड हजार. लाडकी बहीण योजनेतून घरातल्या बाईच्या खात्यावर येणारी अख्खी रक्कम! मुद्दल जागच्या जागी. तेच पन्नास हजार बँकेत सोनं तारण ठेवून वर्षाला १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याचं व्याज सव्वाचारशेच्या आत बसतं. राज्यात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, बिगरशेतकऱ्याकडून अनुक्रमे १५ आणि १८. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. किती जणांना हे माहीत असतं?

बायकांच्या गटाला मिळणारी मायक्रोफायनान्सची कर्जंही नीट समजून घ्यायला हवीत. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घराला मिळणारं हे कर्ज विनातारण असावं, घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर कुणी येऊ नये. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घेतलं की हा निम्म्याचा नियम घरच्यांनीच मोडला, असं होतं. तिसरीपर्यंत गोष्ट जाऊ देऊ नये.

पण सगळ्यात जास्त माणसं मी बुडताना पाहिली ती कर्जात नव्हे, ठेवीत. हातात पैसा असतानाचा धोका जास्त मोठा, हे ऐकायला विचित्र वाटेल.

माझ्या मावशीचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून सहा लाख आले. बँक सात टक्के देत होती, ओळखीतली एक पतसंस्था नऊ. संचालक गावातले, सुखदुःखात घरी येणारे. सगळी रक्कम तिथे गेली. मावशीने पावत्या शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर मुदत संपण्याची तारीख लाल पेनने अधोरेखित केलेली. पहिली काही वर्षं व्याज वेळेवर आलं. मग ‘पुढच्या आठवड्यात या’ सुरू झालं आणि एक दिवस शटर खाली. त्याच सुमारास काकांच्या छातीत दुखू लागलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. मावशीने हातातल्या पाटल्या बँकेत ठेवून दवाखान्याचं बिल भरलं. ठेवीतले पैसे प्रशासकाच्या कारभारातून तुटक तुटक येत आहेत, पूर्ण आलेले नाहीत.

त्या घराचा हिशोब मांडून पाहिला की अंगावर काटा येतो. दोन टक्क्यांचा फरक सहा लाखांवर वर्षाला बारा हजार, महिन्याला एक हजार. महिन्याच्या एक हजारासाठी अख्खे सहा लाख पणाला लागले होते.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक इथे प्रत्येक घराने पाठ करायला हवा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं विमा संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे पाच लाख आहे, आधी एक लाख होतं. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून मर्यादा एकच. पतसंस्थेला, मग ती तालुक्याची असो की मल्टिस्टेट, हा विमा नाही. नगर जिल्ह्याने याचा अनुभव घेतला आहे. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. एवढी जुनी बँक गेली, तरी सुमारे ९५ टक्के ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले, कारण त्यांच्या ठेवी पाच लाखांच्या आत होत्या. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार मात्र २०२३ पासून रस्त्यावर आणि कोर्टात हेलपाटे घालत आहेत.

पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. ठेवण्याआधी लेखापरीक्षणाचा वर्ग, वार्षिक अहवालातली थकबाकी आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं पाहावीत, तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करावी, आणि घराला धक्का न लावता जेवढी रक्कम अडकली तरी चालेल तेवढीच ठेवावी. निवृत्तीचा पैसा तर तिथे नकोच. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेला २०२४ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं, ठेवीची कमाल मर्यादा ३० लाख. दहा लाख ठेवले तर त्या दराने दर तिमाहीला साडेवीस हजार खात्यावर येतात. त्या नऊ टक्क्यांपेक्षा हे कितीसं कमी होतं?

याच लोभाचं नवं रूप शेवगाव तालुक्याने पाहिलं. शेअर बाजारात गुंतवून महिन्याला दहा टक्क्यांच्या आसपास परतावा देतो म्हणणाऱ्यांची दुकानं गावोगाव थाटली गेली आणि २०२४ पर्यंत एकेक चालक पसार झाला. लोकांनी जमिनी विकून, सोनं मोडून पैसे दिले होते. महिन्याला ठरावीक परतावा शेअर बाजार कुणालाच देत नाही. तो देतो म्हणणारा नंतर आलेल्याचे पैसे आधी आलेल्याला वाटत असतो.

जामीनकीबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे ती नात्यापोटी दिली जाते. ‘फक्त सही कर’ म्हणणारा भाऊबंद असतो, नाही म्हणवत नाही. पण करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला की जप्ती जामीनदारावरही येते, नोकरदार असेल तर पगारातून कपात होते. जेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून देऊन टाकण्याची तयारी असेल तेवढ्याच कर्जाला जामीन राहावं. नाहीतर नात्याला जमेल तेवढी रोख मदत करून मोकळं व्हावं.

मावशीच्या घरी पाटल्या गहाण पडायला नको होत्या. त्यांची केशरी शिधापत्रिका होती आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. आता ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू असून संरक्षण वर्षाला पाच लाखांचं आहे. अट एकच: योजनेतल्या रुग्णालयात दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राकडे कागद द्यायचे. बिल भरल्यावर परतावा मिळत नाही. १५५३८८ या क्रमांकावर जवळचं रुग्णालय कळतं. त्याखेरीज बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. हे पैसे मेअखेर आपोआप कापले जातात, म्हणून त्या सुमारास खात्यावर शिल्लक ठेवावी लागते.

श्रीरामपूरच्या वाचकांना एकच विनंती. येत्या रविवारी घरातल्या सगळ्या ठेव पावत्या, पासबुकं आणि विम्याचे कागद नवरा-बायकोने एकत्र बसून पाहा. कुठल्या बँकेत किती, कुठल्या पतसंस्थेत किती, कुणाला जामीन राहिलो, कुणाला हातउसने दिले, हे एका वहीत लिहा आणि ती वही मोठ्या मुलाला किंवा मुलीला दाखवा. एका बँकेत एकाच्या नावावर पाच लाखांहून जास्त असेल तर मुदत संपताच वेगळं करा. आणि प्रत्येक खात्यावर नॉमिनीचं नाव आहे का ते पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यासाठी शाखेत जाऊन एक अर्ज भरावा लागतो.