चामड्याची खांदापिशवी : नवशिक्यांसाठी पहिला पाठ

जोयडा तालुक्यातील रामनगर, गणेशगुडी व काळी नदीकाठच्या इतर गावांतील तरुण-तरुणींना घरबसल्या करता येईल असा जोडधंदा हवा, अशी मागणी वारंवार होते. अशा धंद्यांत चामड्याच्या वस्तूंचा विचार अवश्य करावा. वहाण करावयाची तर पायाच्या प्रत्येक मापाचा साचा लागतो. खांद्याला अडकवावयाच्या पिशवीला, जिला शहरांत ‘टोट बॅग’ म्हणतात, साचा लागत नाही आणि यंत्राशिवायही ती उत्तम होते. म्हणून नवशिक्याने प्रारंभ पिशवीपासून करणे श्रेयस्कर होय.

मात्र एक गोष्ट प्रथमच ध्यानी घ्यावी. कापड चुकले तर उसवून पुन्हा शिवता येते. चामड्यास एकदा पडलेले छिद्र बुजत नाही. म्हणून चुका करावयाच्या त्या कागदावर कराव्यात, चामड्यावर नव्हे. या पाठाचे सार एवढेच आहे.

चामड्याची निवड

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे आणि कमावल्यानंतर होते ते चामडे. कमावण्याचे काम घरी किंवा ओढ्याकाठी करू नये. त्यातील चुना व सांडपाणी पाण्यात मिसळल्यास मासे, गुरे व माणसे या सर्वांस अपाय होतो. तयार चामडे विकत घ्यावे व त्याची पावती जपून ठेवावी. आपला तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात आहे. वन्य प्राण्याचे कातडे, मग तो प्राणी मेलेला सापडला असला तरी, जवळ बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

पिशवीसाठी सुमारे १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचे, मऊ, म्हशीचे चामडे योग्य. चामडे चौरस फुटावर विकले जाते. पुढे दिलेल्या मापाच्या पिशवीस कापातील वाया जाणारा भाग धरून ४ ते ४.५ चौरस फूट पुरते. पाठीकडील भाग घट्ट असतो, तर पोटाकडील भाग सैल असून ताणला जातो. म्हणून पट्टे नेहमी पाठीच्या कण्याच्या दिशेने, लांबीत कापावेत.

साहित्य

धारदार रापी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, लाकडी हातोडी, लोखंडी पट्टी, गुण्या, जाड पुठ्ठा आणि रबर सोल्युशन एवढे पुरे. सुती दोरा आपल्याकडील पावसाळी दमट हवेत लवकर कुजतो. रिबिटी वापरावयाच्या झाल्यास पितळी घ्याव्यात. हिरडा, बाभूळ इत्यादींनी कमावलेल्या चामड्यास ओले लोखंड लागले की काळे डाग पडतात. हिरडा व लोखंड यांच्या संयोगाने पूर्वी शाई करीत, त्याच गुणधर्माचा हा परिणाम होय.

कागदी नमुना

पुठ्ठ्यावर ३६ सेंटिमीटर रुंद व ८० सेंटिमीटर लांब असा आयत आखावा. गुण्या लावून चारही कोन काटकोनात असल्याची खात्री करावी. लांबीच्या बरोबर मध्यावर आडवी रेषा काढावी. हा पिशवीचा तळ. या रेषेच्या दोन्ही टोकांशी, काठापासून आत ४ सेंटिमीटर व रेषेच्या वर ३ व खाली ३ अशी ६ सेंटिमीटर लांबीची खाच कापावी. शिलाईसाठी सर्वत्र १ सेंटिमीटर व तोंडाच्या दुमडीसाठी ३ सेंटिमीटर जागा यात धरलेली आहे. तयार पिशवीचे तोंड सपाट मोजल्यास ३४, उंची ३३ आणि तळ २६ × ८ सेंटिमीटर भरेल. पट्ट्यांसाठी २.५ सेंटिमीटर रुंद व ६५ सेंटिमीटर लांब असे दोन तुकडे घ्यावेत.

हा नमुना प्रथम जुन्या पोत्याच्या कापडावर कापून टाचावा. आकार पटला तरच चामड्यास हात लावावा. कापताना रापी पट्टीला टेकवून एकाच दिशेने ओढावी. कात्रीने काठ वाकडा होतो.

शिलाई

पट्टे आधी आणि बाजू नंतर, हा क्रम मोडू नये. चामडे सपाट असताना तोंडाची दुमड सोल्युशनने चिकटवावी व शिवावी. दुमडीच्या दोन्ही टोकांचा काठ रापीने पातळ करावा, म्हणजे पुढे बाजू शिवताना जाड गठ्ठा होणार नाही. पट्ट्याची दोन टोके एकमेकांपासून १२ सेंटिमीटर अंतरावर, मध्यापासून समान ठेवून, तोंडाच्या काठाखाली ५ सेंटिमीटर येतील अशी बसवावीत. आतून प्रत्येक टोकामागे चामड्याचा एक जास्तीचा तुकडा लावावा आणि चौकोन व त्यात फुली अशी शिलाई घालावी. पिशवी फाटते ती बहुधा येथेच. सर्व ओझे या चार जागांवर येते, म्हणून पिशवीची किंमत या चार फुल्यांवर ठरते असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

नंतर पिशवी आतली बाजू बाहेर ठेवून मध्यरेषेवर दुमडावी. काठापासून १ सेंटिमीटरवर रेघ मारून दर ४ मिलिमीटरला आरीने छिद्र पाडावे. दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुई ओवून प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून काढाव्यात व दोरा सारखाच ओढावा. दोरा शिलाईच्या चौपट लागतो. ३४ सेंटिमीटरच्या एका बाजूस दीड मीटर घ्यावा. या दुहेरी टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. यंत्राच्या टाक्याची गोष्ट तशी नाही. दोन्ही बाजू झाल्यावर खाचांच्या कडा जुळवून तळाचे कोपरे शिवावेत आणि पिशवी सावकाश उलटी करावी.

परीक्षा व निगा

पिशवीत ५ किलो तांदूळ घालून ती रात्रभर खुंटीस टांगावी. सकाळी पट्ट्यांजवळील छिद्रे लांबलेली दिसल्यास टाके विरळ पडले किंवा मागचा तुकडा अपुरा पडला असे समजावे. अशी पिशवी विकू नये, घरी वापरावी.

पावसाळ्यात चामड्यास बुरशी येते. भिजलेली पिशवी चुलीजवळ सुकवू नये, चामडे कडक होऊन तडकते. ती कागद भरून सावलीत, वाऱ्यावर सुकवावी आणि प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नये.

हिशेब व साहाय्य

चामडे, दोरा व सोल्युशन यांचा खर्च आणि लागलेल्या तासांची मजुरी वहीत लिहावी. पहिल्या पिशवीस दोन दिवस लागले तर खंत करू नये; पण चौथ्या-पाचव्या पिशवीसही तेवढेच लागत असतील तर नमुना किंवा हत्यार यांत दोष शोधावा. मजुरी न धरता ठरविलेली किंमत ही किंमत नव्हे, तो तोटा होय.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत चर्मकार व पादत्राण कारागीर यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि अल्प व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे. त्याखेरीज, कर्नाटकात १९७६ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजेच ‘लिडकर’, या क्षेत्रात कार्य करीत आहे. इच्छुकांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. मालास नाव देताना एक दक्षता घ्यावी : कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील ४ व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या ४ जिल्ह्यांपुरते आहे. आपल्या पिशवीस आपल्याच गावाचे नाव द्यावे.

शिक्षकांसाठी

बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या शरणांत हरळय्या या चर्मकारास मानाचे स्थान होते. तरीही या कामास हीन लेखून ते एका समाजाच्या माथी मारण्याची रीत पुढे शतकानुशतके चालली. पश्चिम बंगालात शांतिनिकेतनच्या परिसरातील चामडी पिशव्यांना आज स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे. विश्वभारतीच्या ग्रामोद्धार कार्यातून वाढलेली ती कला शिक्षणाने धंद्याचा मान कसा वाढतो हे दाखविते. शाळेत कागदी नमुना करावयास लावल्यास भूमितीतील आयत, मध्यरेषा व काटकोन मुलांच्या हाती येतात. रापी व आरी मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच द्यावी. आणि गावातील अनुभवी चर्मकारास गुरू म्हणून वर्गात सन्मानाने बोलवावे. त्याच्या हाताचा एक तास अशा दहा लेखांहून अधिक शिकवील.