बाबासाहेबांचा ठराव आणि आपल्या घरातले ऑपरेशन

नरखेड तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये विहारात वंदना झाली की आम्ही बायकांना अर्धा तास थांबवून घेतो आणि आरोग्यावर बोलतो. तिथे आम्ही मुद्दाम एक प्रश्न टाकतो : दोन लेकरे झाली, आता ऑपरेशन कोणी करायचे? बायका एकमेकींकडे पाहून हसतात. कोणी करायचे म्हणजे काय, बाईनेच करायचे.

एका भगिनीची दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची. रक्त इतके कमी की आधी दोन महिने लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. तरी ऑपरेशनच्या यादीत नाव तिचेच. नवरा धडधाकट. त्याचे म्हणणे, "माह्यं ऑपरेशन झालं तं संत्र्याचे क्रेट कोन उचलंन?" तीही कापूस वेचते आणि गाठोडे डोक्यावर घेऊन येते, हे त्याच्या ध्यानात नव्हते. त्याला दोष देऊन आम्ही मोकळ्या होणार नाही. ही समजूत त्याच्या डोक्यात घालण्यात सरकारचाही हात आहे.

आधी आपल्या घरातला इतिहास. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो बाबासाहेबांचा होता. त्यांच्या वतीने स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारने लोकांना संततिनियमनाची माहिती आणि साधने मिळवून द्यावीत, अशी मागणी होती. त्या भाषणात लोकसंख्या आणि गरिबीचा हिशेब आहेच, पण बाईच्या शरीराचा विचारही आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. ठराव पडला. बाजूने ११ मते, विरोधात ५२.

हा विचार एकाएकी आलेला नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आणि जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी हजारो बायकांसमोर उघड सांगितले की लग्नाची घाई करू नका, पोरांची रांग लावू नका, नवऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वागा. या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. पुढे सरकारने त्यातली मधली तेवढी उचलली.

१९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. लाल त्रिकोण आला, 'हम दो हमारे दो' आले आणि मग आकडे आले. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यातले बहुसंख्य पुरुष होते, आणि धाक, अडवणूक, पगार रोखणे हे प्रकार गरिबांच्याच वाट्याला जास्त आले. आपल्या महाराष्ट्रात तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. लोकांचा राग १९७७ च्या निवडणुकीत दिसला. त्यानंतर कुठल्याच सरकारने पुरुषाला दुखवायची हिंमत केली नाही. कार्यक्रमाचे नाव 'कुटुंब कल्याण' झाले आणि भार बाईवर गेला. ती तक्रार करत नाही, मतपेटीतून बदलाही घेत नाही, असे धरून.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा मार्च जवळ आला की वरून विचारणा व्हायची, किती केसेस आणल्या? कागदावर १९९६ पासून टार्गेट बंद आहे. केस म्हणजे बाईच असायची. पुरुषाची केस आणली तर सहकारी थट्टा करायचे. आम्हीही त्या धावपळीत बायकांना नीट समजावून न सांगता गाडीत बसवले आहे. हे लिहिताना बरे वाटत नाही.

काही बंधू म्हणतात, ख्रिस्ती देशांत बरे, तिथे चर्चच ऑपरेशनला विरोध करते. तेही पाहू. फिलिपाइन्स हा कॅथलिक देश. १९६८ मध्ये पोपनी गर्भनिरोधक साधने निषिद्ध ठरवली, ती भूमिका तिथे राजकारणातही चालते. २००० मध्ये मनिला शहराच्या महापौरांनी काढलेल्या आदेशानंतर शहराच्या सरकारी दवाखान्यांतून गोळ्या, तांबी, निरोध मिळणे बंद झाले. पैसेवाल्या बायकांनी दुकानातून विकत घेतले. झोपडपट्टीतल्या बायका वर्षाआड बाळंत होत राहिल्या. देशभरासाठी कायदा व्हायला २०१२ साल उजाडले आणि त्यावरही सुप्रीम कोर्टात दोन वर्षे गेली.

उलट टोक पेरू देशाचे. तोही कॅथलिक. तिथल्या फुजिमोरी सरकारने १९९६ ते २००० या काळात अडीच लाखांहून जास्त बायकांची ऑपरेशने केली. त्यात डोंगराळ भागातल्या गरीब आदिवासी बायका फार होत्या. न विचारता, धमकावून ऑपरेशन केल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. एका देशात बाईला साधन मिळू दिले नाही, दुसऱ्यात तिच्यावर लादले. तिला काय हवे ते दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

आपल्याकडेही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सांगितले.

'वस्तीत पोरे फार' असे कोणी म्हटले तर आकडा सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. म्हणजे स्फोट वगैरे काही उरलेला नाही. तरी १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढता येत नाही, हा नियम कायम आहे. राखीव जागेवर नुकतीच उभी राहू लागलेली आपली बाई त्यात अडकते. तिसरे मूल हवे की नको हे घरात तिने ठरवलेलेच नसते, अपात्र मात्र ती होते. त्याच पाहणीतला दुसरा आकडा : महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषांचे अर्धा टक्कासुद्धा नाही.

आता क्रेटवाल्या बंधूंसाठी. बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडत नाहीत. जागा बधिर करून अंडकोषाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात आणि शुक्रजंतू नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. पंधरा-वीस मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. पुरुषपणाचा रस रक्तात मिसळतो, त्या नळ्यांतून तो जात नाही. त्यामुळे ताकद, दाढी-मिशी, संबंध, सगळे पहिल्यासारखे राहते. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचे नाही. अंबिया आणि मृगाच्या तोडीच्या मधे एक आठवडा निघतोच. एक मात्र विसरू नका. पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. हे न केल्याने दिवस राहतात आणि संशय बायकोवर जातो. असे एक घर आमच्या डोळ्यांसमोर मोडता मोडता वाचले. सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त रक्कम देते, तीही घ्या.

ज्यांना अजून कायमचे नको आहे त्यांच्यासाठी तांबी आहे, बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. सरकारी दवाखान्यात हे सगळे फुकट. इंजेक्शनने पाळी पुढे-मागे होते किंवा थांबते, ते आधी सांगून घ्या म्हणजे घाबरायला होत नाही.

ऑपरेशन बाईचे असो की पुरुषाचे, संमतीचा कागद मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. नवऱ्याची सही लागतच नाही. टेबलावर गेल्यावरही नाही म्हणता येते, आणि नाही म्हटले म्हणून दुसरे उपचार कोणी रोखू शकत नाही. ऑपरेशनचे प्रमाणपत्र मागून घ्या आणि रेशन कार्डाबरोबर ठेवा. ऑपरेशन फसले, दिवस राहिले किंवा काही गुंतागुंत झाली तर भरपाईची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज ९० दिवसांच्या आत करावा लागतो आणि त्याला हेच प्रमाणपत्र लागते. अर्ज आशाताईकडे मागा. त्यांनी टाळले तर पुढच्या रविवारी विहारात कागद घेऊन या, आम्ही भरून देऊ.